पिस्तूल कोणते मिळेल, हे ठरवते कोण?

रानडुकरांनी भाताची खाचरे तुडवली किंवा गव्यांचा कळप शिवारात उतरला, की कोयनानगर परिसरात बंदुकीच्या परवान्याचा विषय हमखास निघतो. सोबत ऐकीव माहितीही फिरते. उद्या गुन्हा दाखल झाला, तर ‘मला ठाऊक नव्हतं’ ही सबब कोर्टात चालत नाही. म्हणून कायदा आधीच समजून घेतलेला बरा.

गैरसमज: कोणते पिस्तूल विकायचे, हे राज्य सरकार ठरवते.
वस्तुस्थिती: अमेरिकेत हे राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात चाचणीत उतरलेल्या मॉडेलांची सरकारी यादीच असते. आपल्याकडे शस्त्रे हा राज्यघटनेच्या संघसूचीतला विषय आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम देशभर लागू आहेत. कोयनानगरच्या माणसाचा अर्ज मात्र साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पोलिसांचा अहवाल मागवून ते निर्णय देतात.

गैरसमज: परवाना हातात आला की आवडेल ते पिस्तूल घ्यावे.
वस्तुस्थिती: इथे कसोटी काडतुसाची आहे. सरकारी दलांची ९ मिमीची किंवा ०.४५ ची काडतुसे ज्यात बसतात आणि उडतात, ते पिस्तूल ‘प्रतिबंधित बोअर’चे ठरते. त्याचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. म्हणूनच सामान्य परवानाधारकाकडे बहुधा ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल दिसते. परवान्यात नोंदलेल्या प्रकाराबाहेरचे शस्त्र दुकानदाराला विकता येत नाही.

गैरसमज: शेताच्या राखणीसाठी पिस्तूलही मिळते.
वस्तुस्थिती: पीकसंरक्षणासाठी कायद्यात ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती अपुरी पडते असे अधिकाऱ्यांना पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. पिस्तुलासाठी वेगळे, सबळ कारण दाखवावे लागते. कोयनानगरला आणखी एक अट आहे. कोयना अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते.

गैरसमज: बंदूक परवान्याची असली की डुक्कर मारायला हरकत नाही.
वस्तुस्थिती: परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, शिकारीचा नव्हे. रानडुक्कर आणि गवा दोन्ही संरक्षित प्राणी आहेत. लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल टाकणेही गुन्हा आहे.

गैरसमज: वडिलांची बंदूक आपोआप मुलाची होते.
वस्तुस्थिती: वारसालाही स्वतःच्या नावाचा परवाना काढावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात.

पिकाचे नुकसान खरे आहे आणि शेतकऱ्याचा संतापही रास्त आहे. पण नुकसान होताच वन विभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घेतला, तर भरपाई मागता येते. बेकायदा झाडलेल्या गोळीने पीक तर परत येत नाहीच, उलट पिकवणारा माणूस तुरुंगात जातो.