अवधाण आलं? आधी पायाकडे बघा

नागपूरहून मी बोलतोय. पायात काटा रुतला, जखम चिघळली, की दोन-तीन दिवसांत जांघेत गाठ येते. आपण म्हणतो, अवधाण आलं. घसा किंवा दाढ बिघडली की तशीच गाठ जबड्याखाली येते. या लसिकाग्रंथी, जंतू अडवताना त्या सुजतात. म्हणून मी म्हणतो, आधी मूळ शोधा. जखम साबणपाण्यानं धुवा, दाढ दाखवा.

गाठीला गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याचा सोसेल तेवढा शेक द्या, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा. घसा दुखत असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या. चोळायचं नाही, सारखं दाबून बघायचं नाही. आणि बिब्बा? नाही बाप्पा! कातडी भाजते, फोड येतात.

आपल्या भागात आणखी एक. जांघेत गाठ, ताप, पायाला सूज हे पुन्हा पुन्हा होत असेल तर हत्तीरोगाची तपासणी करा. त्याचे जंतू रक्तात रात्री सापडतात, म्हणून रक्त रात्री घेतात. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात या रोगासाठी तीन औषधं एकत्र देण्याची मोहीम झाली, ती यासाठीच.

मानेत न दुखणाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या गाठी, म्हणजे जुन्या लोकांची गंडमाळ, क्षयाच्या असू शकतात. त्या शेकून जात नाहीत. निदान सहा महिने औषध लागतं, सरकारी दवाखान्यात ते मोफत आहे. गाठ दोन आठवडे तशीच राहिली, तर डॉक्टरांना दाखवा. दगडासारखी कडक असेल, गळ्याच्या हाडाच्या वर असेल, वजन घटत असेल, रात्री घामानं अंथरूण भिजत असेल, तर तेवढंही थांबू नका.