रीलमधली 'थ्री-गन' भारतात खेळता येते का? बंदूक घेण्याआधी हे वाचा

टेंभुर्णीतला माझा मामेभाऊ अकरावीत आहे. त्याने एक रील पाठवलं. एक माणूस धावत धावत रायफल, मग पिस्तूल, मग शॉटगन चालवतो आणि लोखंडी प्लेटा धडाधड पडतात. खाली मेसेज होता, "दादा, हे आपल्याकडं खेळता येतं का? उसाचं बिल आलं की बंदूक घेऊन देतो म्हणालेत पप्पा."

हा खेळ म्हणजे मल्टी-गन किंवा थ्री-गन. तो मुख्यतः अमेरिकेत चालतो. वेळ आणि नेम, दोन्हींचे गुण असतात. तिथले जाणकार नवख्याला सांगतात, सगळे पैसे रायफलवर घालू नका. वेळ खरा जातो तो शॉटगनमध्ये एकेक काडतूस भरताना.

आपल्याकडे अडचण कायद्याची आहे. या खेळात सर्रास वापरलं जाणारं 9 मिमी पिस्तूल इथे 'प्रतिबंधित बोअर'मध्ये मोडतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. नावाजलेल्या नेमबाजांना सवलत आहे, पण अकरावीतल्या पोराला ती लागू होत नाही.

मग जवळचं काय? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचा प्रकार. 50 मीटर रायफल थ्री पोझिशन. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये त्याने 451.4 गुणांसह कांस्य जिंकलं. इथे बंदूक एकच, पण गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून मारायचं. प्रत्येक वेळी शरीराचा कोन बदलतो, म्हणून खांद्याला टेकणारी बट प्लेट आणि गालाखालचा चीक पीस पुन्हा जुळवावा लागतो, तोही ठरलेल्या वेळेत. एका अर्थाने एकाच रायफलीच्या तीन रायफली करायच्या!

सुरुवात मात्र 10 मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तुलाने होते. 4.5 मिमी बोअर आणि 20 जूलपर्यंत ताकद असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेत रायफल साडेपाच किलोपेक्षा जड चालत नाही. पिस्तूल दीड किलोच्या आत हवं आणि त्याचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा. रायफलच्या टार्गेटवर 10 गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ 11.5 मिमीचं, म्हणून ते सोपं वाटतं. पण ते एका हाताने धरायचं असतं.

दुकानात किंमत विचारण्याआधी बंदूक अंगाला लावून बघा. रायफल खांद्याला घेतली की मान न वाकवता डोळा सरळ साइटच्या भोकासमोर यायला हवा. येत नसेल तर बट प्लेट, चीक पीस हलवा. तरीही जमत नसेल तर ती रायफल तुमची नाही, मग ती कितीही नामांकित कंपनीची असो. पिस्तुलात हेच काम मूठ करते. ती सैल असली की प्रत्येक शॉटला पकड बदलते.

दुसरी चाचणी फुकट आहे. रिकाम्या बंदुकीने नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. नळी बाजूला सरकलेली दिसली तर हाताने ओढून आणू नका, पाय हलवा. हाताने ओढलेला नेम ट्रिगर दाबताना परत जागेवर जातो.

छर्रे एकाच डब्यावर ठरवू नका. दोन-तीन प्रकारचे मारून कुणाची भोकं जवळजवळ पडतात ते बघा. हे सगळं आधी क्लबच्या बंदुकीवर करता आलं तर उत्तम. टेंभुर्णीहून पुण्याची बालेवाडी लांब आहे खरी, पण दोन-चार फेऱ्यांचं एसटी भाडं चुकलेल्या रायफलीपेक्षा स्वस्तच पडेल.

जुनी घेत असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. साधारण दहा वर्षांनी त्याची मुदत संपते. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत वापरता येत नाही, आणि आत दाब जवळपास 200 बारचा असतो. भावाने पसंत केलेल्या रायफलीचा फोटो मागवला. सिलिंडरवर 2013 छापलंय. मामांना फोन केलाय.