गेजवर ऑइल वाढतेय? आधी डिझेल शोधा

मागच्या पावसाळ्यात आमच्या ओळखीचे एक ट्रकमालक मोठ्या खुशीत भेटले. सहा सिलिंडरचा जुना ट्रक, भिवंडी-नाशिक मार्गावर मालवाहतूक. "पूर्वी गाडी आठवड्याला लिटरभर ऑइल खायची. आता दोन महिने झाले, थेंबभर टाकावे लागले नाही," असे ते सांगत होते. आम्ही त्यांना गेज काढायला सांगितले. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होते!

जुने इंजिन ऑइल खायचे आपोआप थांबत नाही. रिंगा आणि लाइनर झिजलेले असताना ऑइल जळतच राहते. तरीही गेजवर पातळी तशीच राहत असेल किंवा वाढत असेल, तर जेवढे जळते तेवढे किंवा त्याहून जास्त दुसरे काही तरी चेंबरमध्ये उतरत आहे. ते पाणी असेल किंवा डिझेल. आमच्या वाचकांत ट्रक-टेम्पोवाले आहेत, गॅरेजवाले आहेत, मालेगाव-भिवंडीकडे जनरेटर ठेवणारे कारखानदार आहेत आणि कोकण किनाऱ्यावर होड्या चालवणारेही आहेत. म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडत आहोत.

पाणी ओळखणे सोपे. ऑइल दुधाळ होते, चहाच्या रंगाचा फेस टॅपेट कव्हरला आतून चिकटतो आणि रेडिएटरचे पाणी कमी होत जाते. डिझेलचे तसे नाही. ऑइल काळेच दिसते, आणि डिझेल इंजिनाचे ऑइल तर चांगल्या अवस्थेतही काळेच असते. त्यामुळे रंगावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

नुकसान कसे होते ते पाहा. क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना घासत नाहीत, कारण मध्ये ऑइलचा पातळ थर असतो. तो थर टिकतो ऑइलच्या दाटपणावर. १५डब्ल्यू-४० ऑइलचा दाटपणा १०० अंश सेल्सियसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या हद्दीत असतो. डिझेल त्यापुढे जवळजवळ पाण्यासारखे. शंभरात पाच भाग डिझेल मिसळले, की ४० ग्रेडचे ऑइल ३० ग्रेडच्या हद्दीत येऊन बसते. घाटात भरलेला ट्रक चढताना, इंजिन तापलेले असताना, हा फरक बेअरिंगला सोसत नाही. शिवाय ऑइलमधली मसाल्याची द्रव्ये विरळ होतात ती वेगळीच. क्रँक ग्राइंडिंगला गेला म्हणजे कारागिराची मजुरी, नवी बेअरिंगे आणि गाडी उभी राहिल्याचे भाडे, सगळे एकदमच अंगावर येते.

आणखी एक धोका फार कमी लोक लक्षात घेतात. चेंबर वरपर्यंत भरला, की डिझेलमिश्रित ऑइल ब्रीदरवाटे हवेच्या रस्त्यात खेचले जाते आणि इंजिन तेच जाळून धावू लागते. किल्ली बंद केली, डिझेल तोडले, तरी ते थांबत नाही. अशा वेळी हवेचा मार्ग बंद करणे हाच उपाय, पण तो हाताने झाकायला जाऊ नये. ते खेचणे जबरदस्त असते. म्हणून गेज फार वर दिसला तर "गाडी घरापर्यंत तरी नेऊ" असा विचार करू नका. तिथेच बंद करा.

आता तपासणी. पहिली गोष्ट, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी गेज पाहा आणि रोज त्याच वेळी पाहा. एका दिवसाच्या मापाला अर्थ नाही. आठवड्याचा कल बघावा लागतो. दुसरी, वास. उघड डिझेलचा वास आला तर शंका खरी धरावी. मात्र वास आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण दिवसभर डिझेल हाताळणाऱ्या मिस्त्रीच्या नाकाला तो कळेनासा होतो.

तिसरी तपासणी काचेची. एका काचेवर त्याच कंपनीच्या, त्याच ग्रेडच्या कोऱ्या ऑइलचा एक थेंब आणि शेजारी इंजिनातला एक थेंब ठेवा. दोन्ही एकाच तापमानाला येऊ द्या, मग काच तिरपी करा. इंजिनातला थेंब पळत सुटला तर डिझेल आहे. इथे एक फसवणूक आहे: काजळी ऑइलला दाट करते आणि डिझेल पातळ करते. दोन्ही एकत्र असली तर थेंब ठीकठाक वाटतो, आणि असे ऑइल तर दोन्ही बाजूंनी बिघडलेले असते.

म्हणून चौथी तपासणी शोषक कागदाची. थेंब टाकून कागद अधांतरी ठेवा, काही तास थांबा. काजळी मध्यभागी काळा ठिपका करते; डिझेल असेल तर ते पुढे पसरून बाहेर फिकट, तेलकट कडे उमटवते. काही जुने कारागीर ऑइल तापल्या पत्र्यावर टाकून भडका होतो का ते पाहतात. गॅरेजमध्ये हा खेळ करू नका. ज्वलनबिंदूची तपासणी प्रयोगशाळेत बंद भांड्यात होते. कोऱ्या इंजिन ऑइलचा ज्वलनबिंदू २०० अंशांच्या वर असतो आणि डिझेल मिसळले की तो झपाट्याने खाली येतो. पाच-सहा गाड्या असणाऱ्याने वर्षातून एकदोनदा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. अहवालात डिझेल दोन टक्क्यांच्या वर दिसले तर कारण शोधायला लागावे, पाचच्या जवळ असेल तर गाडी उभी करावी.

डिझेल येते कुठून? बहुतेक जण आधी नोझल काढतात, आणि ते बरोबरच आहे. टपकणाऱ्या नोझलचे डिझेल नीट जळत नाही, लाइनरवरचे ऑइल धुऊन खाली उतरते. टेस्टरवर नोझलचे प्रेशर, फवारा आणि टपकणे तिन्ही पाहावे. काही इंजिनांत रिटर्न पाइप टॅपेट कव्हरच्या आतून जातो. त्याचा जोड सैल झाला तर डिझेल सरळ ऑइलवर पडते. कव्हर उघडून, मंद गतीवर चालवून, टॉर्च लावून बघा. फीड पंपाचा पडदा फाटला तरी हेच होते.

नोझल चांगले असूनही पातळी वाढत असेल तर पंपाकडे वळा. इंजिनाच्याच ऑइलवर चालणाऱ्या इनलाइन पंपात एलिमेंट झिजले, की डिझेल पंपाच्या तळात उतरते आणि तिथून ऑइलच्या परतीच्या वाटेने इंजिनात. रोटरी पंपात पुढचे सील गेले तर ते टायमिंगच्या बाजूने येते. डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ असेल तर पंपाला मिळणारे वंगण कमी होऊन एलिमेंट लवकर झिजते. स्वस्तातले डिझेल असे महागात पडते.

प्रत्येक वेळी काही तुटलेलेच असते असे नाही. हलक्या भारावर तासन्‌तास चालणारा जनरेटर किंवा बंदरात नुसती सुरू ठेवलेली होडी पुरेशी तापत नाही, न जळलेले डिझेल रिंगांमधून उतरते. भार वाढवून आणि विनाकारण चालू न ठेवूनच हे थांबते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले, त्या गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो जाळून साफ करण्यासाठी काही इंजिने सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडतात. गाडी फक्त गल्लीबोळांत फिरली आणि सफाई अर्धवट राहिली, की त्यातले काही ऑइलमध्ये जाते. दिवा लागल्यावर इंजिन बंद न करता सफाई पूर्ण होऊ द्यावी.

त्या ट्रकमालकांनी आमच्याकडे येण्यापूर्वी एका गॅरेजमधून दोनदा ऑइल बदलून घेतले होते. दोन्ही वेळा बिल झाले, कारण मात्र कोणी पाहिले नाही. पंप काढून बेंचवर चढवला तेव्हा दोन एलिमेंट गेलेले निघाले. ते बदलले, ऑइल आणि फिल्टर दोन्ही नवे टाकले, चेंबर उतरवून बेअरिंगे पाहिली. एका बेअरिंगवर तांबडी झाक दिसू लागली होती, क्रँक मात्र वाचला. त्यांनी आता केबिनमध्ये वही लटकवली आहे आणि रोज सकाळी ड्रायव्हर गेजचे माप तीत लिहितो.