रेणूतले दुसरे ऑर्बिटल

बडोद्याच्या सयाजीगंजमधल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ साली भौतिकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या वेंकटरमण रामकृष्णन यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले, ते मात्र रसायनशास्त्राचे. ऑर्बिटलचा धडाही असाच रसायनशास्त्राच्या पुस्तकात मुक्कामाला आलेला, मूळचा भौतिकशास्त्राचा. तो तसा शिकवला जात नाही, म्हणून गैरसमज पहिल्या वर्षापासूनच घट्ट बसतात.

सगळ्यात पक्का गैरसमज फळ्यावरच्या चित्रातून येतो: दोन गोळे एकमेकांत घुसले, त्यांचे एक ऑर्बिटल झाले, बंध तयार. ऑर्बिटल म्हणजे इलेक्ट्रॉन ठेवायचा डबा नाही, इलेक्ट्रॉनच्या तरंगाचे ते गणित आहे. तरंगांची बेरीज होते तशी वजाबाकीही होते, म्हणून अणूंच्या दोन ऑर्बिटलांतून रेणूची दोन निघतात. बेरजेच्या ऑर्बिटलात इलेक्ट्रॉन दोन अणुकेंद्रांच्या मध्ये सापडण्याची शक्यता वाढते आणि ऊर्जा उतरते. वजाबाकीच्या ऑर्बिटलात मधोमध ती शक्यता शून्य होते आणि ऊर्जा चढते; पहिल्यात जितकी उतरली त्याहून जरा जास्तच.

चित्रातल्या अधिक-उणे चिन्हांना विद्युतभार समजणारेही पुष्कळ. ती तरंगाची चिन्हे आहेत, आणि इथे सारखी चिन्हे समोरासमोर आली तरच बंध जुळतो.

बंधाला इलेक्ट्रॉनांची जोडी लागतेच, हेही खरे नाही. हायड्रोजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढला तरी उरलेला एकटा दोन्ही केंद्रांना धरून ठेवतो. उलट हेलियमचे दोन अणू जवळ आणले तर चारांपैकी दोन इलेक्ट्रॉन खाली, दोन वर जातात आणि सगळा नफा वाहून जातो.

वरचे ऑर्बिटल कागदापुरतेच, असे म्हणणाऱ्यांनी ऑक्सिजन पाहावा. दोन रेघांच्या नेहमीच्या चित्रात त्याचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसलेले दिसतात. प्रत्यक्षात द्रवरूप ऑक्सिजन प्रबळ चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ओतला की तिथेच अडकून राहतो, कारण वजाबाकीच्या दोन समान ऊर्जेच्या ऑर्बिटलांत एकेक इलेक्ट्रॉन सुटा आहे. लेनार्ड-जोन्स यांनी १९२९ मध्ये हे याच पद्धतीने उलगडले. ऑक्सिजनचा एक इलेक्ट्रॉन काढला तर बंध सैल होत नाही, उलट आवळतो: लांबी १२१ पिकोमीटरवरून ११२ वर येते. नायट्रोजनचा काढला, तर ती ११० वरून ११२ वर जाते.