जुनापाणी : काटोल रस्त्यावरचं अडीच हजार वर्षांचं स्मशान

घनसावंगीहून जालना गाठलं आणि समृद्धी महामार्गाला लागलं, की नागपूर आता एका दिवसाच्या टप्प्यात आलं आहे. आपल्याकडची मंडळी तिकडं जातात ती दीक्षाभूमीला, ताडोबाच्या वाटेवर, नाहीतर लग्नकार्याला. शहराच्या वायव्येला, काटोल रस्त्यानं दहा-बारा किलोमीटरवर असलेलं जुनापाणी मात्र कुणाच्या यादीत नसतं. ते असायला हवं.

पहिल्या नजरेत निराशा होते, हे आधीच सांगून ठेवतो. शिखर नाही, कमान नाही, तिकीटखिडकीपुढं रांग नाही. खुरटी झुडपं, मुरमाड जमीन आणि इतस्ततः काळे धोंडे. शेतकऱ्याच्या डोळ्यांना तर नांगरटीत निघालेले दगड कुणीतरी बांधाला टाकलेत असंच वाटणार. जरा वेळ थांबलं की धोंडे गोलात बसवलेले आहेत हे ध्यानात येतं. दहा-बारा मीटर व्यासाचं वर्तुळ, कडेला मोठे धोंडे, आत दगडगोटे भरून किंचित उंच केलेली जागा. एक ओळखू आलं की शेजारचं दिसतं, मग त्याच्या पलीकडचं. अशी सुमारे तीनशे वर्तुळं इथं नोंदली गेली आहेत. ही सगळी लोहयुगातली दफनं, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली.

कडेच्या धोंड्यांवरून हात फिरवून पाहा. काहींवर उथळ, गोल खळगे लागतात. ते ओळीनं कोरलेले आहेत, कुठं फुलीच्या आकारात मांडलेले. सकाळच्या तिरप्या उन्हात ते ठसठशीत दिसतात. डोक्यावर ऊन आलं की दगडात विरून जातात. त्यांचा अर्थ कुणाला लागलेला नाही. अभ्यासकांनी इथली ५६ वर्तुळं तपासली, तेव्हा खळगे असलेले दगड वर्तुळाच्या मध्यापासून ठरावीक दिशांनाच येतात असं त्यांना आढळलं. त्यावरून आकाशातल्या ताऱ्यांशी काही नातं असावं असा तर्क आहे. तर्कच, पण दगड उगाच बसवलेले नाहीत एवढं नक्की.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्यानं इथं खणून पाहिलं. या खळग्यांनी त्याचं कुतूहल चाळवलं, कारण तसेच खळगे स्कॉटलंडमधल्या प्राचीन दगडांवर तेव्हा नुकतेच चर्चेत आले होते. इनव्हर्नेसजवळच्या क्लावा इथल्या थडग्यांवर ते आजही पाहता येतात. दोन्हीकडचे लोक एकाच कुळीचे असावेत, या कल्पनेची त्या काळी मोठी भुरळ होती. ती टिकण्यासारखी नव्हती. क्लावाची थडगी चार हजार वर्षांपूर्वीची. त्याच देशाच्या उत्तर टोकाला कॅम्स्टरच्या माळावर नवाश्मयुगातल्या दगडी राशी आहेत, त्या पाच हजार वर्षांहून जुन्या. जुनापाणी त्यामानानं अलीकडचं.

शिवाय रीतही निराळी. कॅम्स्टरला राशीच्या पोटात खोली आहे आणि आत जायला बुटका बोळ. आजचा प्रवासीही तिथं रांगतच शिरतो. अशा खोल्या पुन्हा पुन्हा उघडल्या जात आणि पिढ्यान्‌पिढ्यांची हाडं एकत्र ठेवली जात. जुनापाणीला दार नाही. जे ठेवायचं ते ठेवलं, वर भर घातली आणि जागा मिटवून टाकली.

काय ठेवत? पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये इथं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. पण त्या लोकांचं चित्र खऱ्या अर्थानं उभं राहिलं ते शां. भा. देव यांनी विदर्भात केलेल्या उत्खननांमुळे. जवळच्याच माहुरझरीला माणसांसोबत घोडेही पुरलेले सापडले, तांब्याच्या पत्र्याच्या साजासकट. पेंच नदीकाठच्या नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. म्हणजे लोखंड घडवणारी, घोड्यावर जीव असलेली ही माणसं. तोच घोडा धन्यासोबत पुरायचा, हे आज पचायला जड जातं खरं.

आपला गोदेचा पट्टा याहून वेगळा. वर नेवाशाला, प्रवरेच्या काठी, ताम्रपाषाणयुगातल्या घरांमध्ये लहान मुलांची दफनं मिळाली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आत मूल ठेवलेलं. गोदेच्या पट्ट्याबाहेर, शिरूर तालुक्यातल्या इनामगावात तर प्रौढांची पावलं तोडून त्यांना घराच्या जमिनीखालीच पुरत. मेलेलं माणूस घरातून जाऊ नये म्हणून, असा त्याचा अर्थ लावतात. तिथं घर होतं तेच थडगं. विदर्भातल्यांनी मात्र मेलेल्यांसाठी माळावर वेगळी जागा राखली, आणि म्हणूनच आपल्याला ती जमिनीवर उभं राहून पाहता येते.

पाहायचं तर हिवाळ्यात जा आणि सकाळी लवकर जा. पाणी सोबत न्या. एखादा जाणकार बरोबर असेल तर उत्तम. नाहीतर एकाच वर्तुळाभोवती अर्धा तास काढा, दहा वर्तुळं धावत पाहण्यापेक्षा ते बरं. खळग्यांत खडू किंवा कुंकू भरू नका. आठवण म्हणून गोटा उचलू नका. जुनापाणीची वर्तुळं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत, आणि १९५८ च्या कायद्यान्वये अशा स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.