तपासणी निर्दोष, तरी खाज का?

विषय लाजेचा आहे, पण बोललेच पाहिजे. गुप्तांगाची आग होते, तपासणीत रोगजंतू सापडत नाहीत, तरी संशय छळतो. घरात अबोला धरला जातो आणि माणूस साबण, जंतुनाशक लावून पुन्हा पुन्हा धुतो. त्यानेच कातडी सोलवटते! शाळेत आम्ही स्वच्छता म्हणजे साबण असे शिकवतो. या नाजूक जागी मात्र नुसते कोमट पाणी पुरे. ब्रिटनमध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशी सूज वारंवार येणाऱ्या ४३ पुरुषांपैकी ३१ जणांना त्वचेचा दाहच निघाला, आणि ते साबणाने जास्त वेळा धूत होते. मलमही मनाने चोपडू नये. रक्तातली साखर तपासावी; आपल्या मॉरिशसमध्ये मधुमेह पुष्कळ, आणि त्यात बुरशी वारंवार होते. पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.