मधुमेहाचा नवा इलाज : नमुना आला, माल यायचा आहे

गेल्या पावसाळ्यात सुरतच्या मार्केटमधून माल पाहून परतताना गाडीत एक ओळखीचे व्यापारी भेटले. माझी इन्सुलिनची थैली पाहून म्हणाले, "भाईजान, हे टोचणे आता सोडा. नव्या पेशी टाकून साखर मुळापासून काढतात. पाच लाख लागतात, पण कायमची सुटका." त्यांनी एका मोठ्या शहरातील दवाखान्याचे छापील पत्रकही हातात ठेवले. नवापूर येईपर्यंत ईदच्या मालासाठी बाजूला काढलेली रक्कम मी मनात मोजून टाकली होती. चौदा वर्षे मधुमेह सोसलेल्यालाच हा मोह कळेल.

नंदुरबारला आमच्या डॉक्टरांनी पत्रक वाचले आणि म्हणाले, "शेठ, कापड घेताना नमुना पाहता, तसा आधी याचा नमुना पाहा." म्हणून मी चौकशीला लागलो. जे समजले ते व्यापारी बांधवांसमोर ठेवतो, कारण आपल्यापैकी अनेकांना हे दुखणे आहे. दिवसभर गादीवर बैठक, मध्ये चहाचे सहा कप आणि जेवणाला वेळ नाही.

आपल्या स्वादुपिंडात पेशींचे बारीक पुंजके असतात. लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने ते १८६९ मध्ये प्रथम पाहिले. त्यांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षक फौजच या पेशींना शत्रू समजून मारते. हा बहुधा लहान वयात होतो. दुसऱ्या प्रकारात, जो आपल्यात जास्त आहे, शरीर इन्सुलिनला दाद देत नाही आणि जास्तीचे काम करून बीटा पेशी हळूहळू थकतात. आता प्रश्न असा की, गेलेल्या पेशी पुन्हा उगवतील काय?

या प्रश्नावर आपल्या पुण्यातही काम झाले आहे. नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये डॉ. रमेश भोंडे आणि सहकाऱ्यांनी मधुमेही केलेल्या उंदरांचे अर्धे स्वादुपिंड काढले, तेव्हा उरलेल्या भागात नव्या पेशी धरल्या आणि साखर उतरली. हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २००५ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेने अस्थिमज्जेतील पेशी वारंवार टोचून उंदरांचा मधुमेह आटोक्यात आल्याचे दाखविले. अमेरिकेत पिट्सबर्गच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर दोन जनुके लादून ती उंदरांच्या स्वादुपिंडात पोचविली. शेजारच्या अल्फा पेशी इन्सुलिन करू लागल्या. ज्या उंदरांची स्वतःची फौज पेशी मारते, त्यांची साखर सुमारे चार महिने ठीक राहिली, मग मधुमेह परतला. जनुकाने पेशी तयार झाली, पण फौजेचे वैर मिटले नव्हते.

माणसांवर काय झाले? चीनमध्ये तियानजिनच्या पंचवीस वर्षांच्या एका बाईच्या स्वतःच्या चरबीतील पेशींपासून इन्सुलिनच्या पेशी बनवून २०२३ मध्ये पोटाच्या स्नायूत ठेवल्या. पंचाहत्तर दिवसांनी तिचे इन्सुलिन बंद झाले. अमेरिकेतील व्हर्टेक्स कंपनीच्या प्रयोगात पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षभराने इन्सुलिन लागत नव्हते, हे २०२५ मध्ये जाहीर झाले. मात्र त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालूच ठेवावी लागतात, आणि त्यांत जंतुसंसर्गाचा धोका असतो. चीनच्या बाईलाही यकृत बदलल्यामुळे ती आधीपासून चालू होती. स्वीडनमध्ये मात्र दात्याच्या पेशींची जनुके कापून-सुधारून एका रुग्णाच्या कोपराखालच्या हाताच्या स्नायूत घातल्या, आणि अशा औषधांशिवाय त्या टिकल्या. मात्रा थोडी होती, म्हणून त्याचे इन्सुलिन सुटले नाही. मला सर्वांत मोलाचा नमुना हाच वाटतो. हे तिन्ही प्रयोग पहिल्या प्रकारच्या रुग्णांवर झाले. माझ्यासारख्या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांची उदाहरणे फारच तुरळक आहेत.

नमुना आणि तागा यांत किती वर्षे जातात, हे इन्सुलिननेच दाखविले आहे. पूर्वी ते डुक्कर व गाईच्या स्वादुपिंडातून काढीत. आमच्या वडीलधाऱ्यांना त्यामुळे मोठा पेच पडे. जीव वाचविण्यासाठी चालते, असे आलिम समजावत. मानवी जनुक जंतूत घालून इन्सुलिन बनविण्याची युक्ती १९७८ मध्ये साधली, १९८२ मध्ये ते अमेरिकेत विक्रीला आले, आणि हबील खोराकीवाला यांच्या वोखार्ट कंपनीने आपल्याकडे 'वोसुलिन' आणले ते २००३ मध्ये. पंचवीस वर्षे! अकबरअलीजची दुकाने चालविणाऱ्या घराण्यातून हे काम झाले, याचा व्यापारी म्हणून मला आनंद वाटतो.

आता त्या पत्रकाकडे येतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नियमावलीप्रमाणे मूळ पेशींचा उपचार रक्ताच्या काही ठरावीक आजारांपुरताच मान्य आहे. मधुमेहासाठी तो फक्त मंजूर प्रयोगातच देता येतो, आणि प्रयोगात रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. असा प्रयोग क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदवावा लागतो. तो नोंदणी क्रमांक कोणीही मागू शकतो.

मी पत्रकावरील नंबरवर फोन केला. पलीकडच्या मुलीने "चाचा, आगाऊ रक्कम भरली तर सवलत आहे," असे सांगितले. नोंदणी क्रमांक विचारला तेव्हा म्हणाली, "साहेबांना विचारून कळविते." चार महिने झाले. त्या पैशांतून ईदचा माल भरला, आणि दुकान उघडण्याआधीचे इन्सुलिन चालू आहे.